‘आज्ञा सापडली नाही’ : एका संदेशाचा अर्थविचार

‘नाही’ आणि ‘सापडले नाही’ हे दोन प्रयोग मराठीत समानार्थी नाहीत. कपाटात पुस्तक नाही असे म्हणणारा मनुष्य वस्तूविषयी बोलतो; पुस्तक सापडले नाही असे म्हणणारा आपल्या शोधाविषयी बोलतो. पहिल्या उत्तरानंतर पुस्तक विकत आणावे लागते. दुसऱ्यानंतर शोध कोठे कोठे घेतला एवढे विचारले तरी पुष्कळदा काम भागते. हा भेद शिक्षक वर्गात सहज समजावून सांगतात. परंतु संगणकाच्या पडद्यावर ‘पिप : कमांड नॉट फाउंड’ अशी इंग्रजी ओळ उमटली की पुष्कळांस तो भेद आठवत नाही. ‘हे साधन आपल्या यंत्रात नाही’, किंवा त्याहून वाईट म्हणजे ‘हे काम आपल्यासाठी नाही’, असा अर्थ काढून ते यंत्र बंद करतात. या एका ओळीचा खरा अर्थ काय आणि तिच्यावरचा उपाय कोणता, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विषय यंत्राचा दिसत असला तरी त्याचा संबंध मराठीच्या अभ्यासाशी कसा येतो हे प्रथम पाहू.

बऱ्हाणपूर येथे तापीच्या काठी राजघाट आहे. समोरच्या तीरावर जैनाबाद. या भागातील मराठीत खानदेशी, निमाडी, हिंदी, उर्दू व गुजराती यांचे शब्द शतकानुशतके मिसळत आले आहेत. समजा, तेथील एखाद्या शिक्षकाने विद्यार्थ्यांकडून घाटावरील बोलण्याचे, लग्नकार्यातील म्हणींचे, बाजारातील मोजमापांचे नमुने लिहवून घेतले आणि त्यांतून शब्दसंग्रह करावयाचे ठरविले. पाचशे पानांतील शब्द हाताने मोजणे व अकारविल्हे लावणे हे वर्षाचे काम आहे. संगणकास ते काही क्षणांचे आहे. अशा कामास आज पायथॉन ही संगणकभाषा फार वापरली जाते. गिडो व्हान रॉसम यांनी ती १९९१ साली प्रसिद्ध केली. ती विनामूल्य आहे आणि तिची रचना नवशिक्यासही समजेल इतकी सुबोध आहे.

पण येथे मराठीची एक अडचण उभी राहते. केवळ मोकळ्या जागेवरून शब्द वेगळे केले तर स्वल्पविराम, पूर्णविराम शब्दांस चिकटून राहतात. म्हणून ‘सलग आलेली अक्षरे म्हणजे शब्द’ असे सूत्र यंत्रास द्यावे लागते. पायथॉनमध्ये अंगभूत असलेल्या नमुनाशोधक घटकात ‘शब्दातील अक्षर’ या संज्ञेत स्वर व व्यंजने येतात. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार व हलन्तचिन्ह येत नाहीत. परिणामी त्या सूत्राने ‘तापी’ या शब्दाचे ‘त’ आणि ‘प’ असे दोन तुकडे होतात. ‘राजघाट’ चे तीन होतात : ‘र’, ‘जघ’ आणि ‘ट’. ‘बऱ्हाणपूर’ तर चार तुकड्यांत विखुरते. रोमन लिपीत लिहिणाऱ्यास ही अडचण सहसा जाणवत नाही. देवनागरीत लिहिणाऱ्यास ती पहिल्याच ओळीस येते.

‘बऱ्हाणपूर’ या नावात आणखी एक मौज दडलेली आहे. त्यातील ‘ऱ्ह’ युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारे लिहिता येतो. एका पद्धतीने मराठीसाठी ठेवलेला स्वतंत्र ‘ऱ’ घेऊन त्यास हलन्त जोडतात. दुसरीत साधा ‘र’, हलन्त आणि डोळ्यांस न दिसणारे एक जोडचिन्ह येते. पहिल्या पद्धतीने हे नाव नऊ चिन्हांचे होते, दुसरीने दहा चिन्हांचे. वाचणाऱ्यास दोन्ही रूपे तंतोतंत सारखी दिसतात. मोजणाऱ्या यंत्रास ती दोन भिन्न गावे वाटतात. शब्दसंग्रह करणाऱ्याने याची दखल घेतली नाही तर त्याची मोजदाद चुकणार हे उघड आहे.

या अडचणींवर इतर अभ्यासकांनी उपाय केलेले आहेत. ‘रेजेक्स’ नावाचा एक संच आहे. त्यात स्वरचिन्हांचा वर्ग नावाने सांगून तो शब्दात धरावा असे यंत्रास बजावता येते. अनूप कुन्चुकुट्टन यांनी तयार केलेल्या ‘इंडिक एनएलपी लायब्ररी’ या संचात भारतीय लिप्यांतील मजकूर एकरूप करण्याची व त्याचे शब्द पाडण्याची सोय आहे. पुण्याच्या ‘एलथ्रीक्यूब’ या गटाने २०२२ साली ‘महाएनएलपी’ हा खास मराठीसाठीचा संच प्रसिद्ध केला. हे सर्व संच विनामूल्य मिळतात; परंतु ते पायथॉनबरोबर आपोआप येत नाहीत, मागवून घ्यावे लागतात. मागवून घेण्याचे काम ज्या आज्ञेने होते तिचेच नाव ‘पिप’. इंग्रजी मजकुरावर प्राथमिक काम करणाऱ्याचे तिच्यावाचून काही काळ निभू शकेल. मराठीच्या अभ्यासकाचे निभत नाही. म्हणूनच ‘पिप सापडत नाही’ ही तक्रार त्याच्या वाट्यास लवकर येते.

पिप म्हणजे काय हे थोडक्यात सांगितले पाहिजे. जगभरच्या लेखकांनी तयार केलेले पायथॉनचे संच एका सार्वजनिक भांडारात ठेवलेले असतात. हे भांडार २००३ पासून चालू आहे आणि आज त्यात लक्षावधी संच आहेत. २००८ साली इयान बिकिंग यांनी या भांडारातून हवा तो संच आणून यंत्रात बसविणारा एक लहान कार्यक्रम लिहिला, तोच पिप. २०१४ साली आलेल्या पायथॉनच्या ३.४ या आवृत्तीपासून तो मूळ भाषेबरोबरच दिला जाऊ लागला. तेव्हा ज्याने अलीकडचे पायथॉन बसविले आहे त्याच्या यंत्रात पिप बहुधा असतोच. मग तो सापडत का नाही?

याचे उत्तर टर्मिनल आज्ञा कशी शोधतो यात आहे. टर्मिनल म्हणजे आज्ञा अक्षरांनी लिहावयाची खिडकी. तिच्या मागे ‘शेल’ नावाचा कार्यक्रम आपण लिहिलेली ओळ वाचतो. तो संपूर्ण यंत्र धुंडाळीत नाही. तसे केले तर प्रत्येक आज्ञेस फार वेळ लागेल. त्याच्याजवळ काही फोल्डरांची एक यादी असते. त्या यादीतील पहिल्या फोल्डरात तो आज्ञेच्या नावाचा कार्यक्रम पाहतो, नसेल तर दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. यादी संपली की तो ‘सापडली नाही’ असे सांगून मोकळा होतो. या यादीस ‘पाथ’ म्हणतात. १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आलेल्या स्टीफन बोर्न यांच्या शेलमध्ये ही यादी वापरणाऱ्यास बदलता येत असे. आजच्या बहुतेक यंत्रांत तीच पद्धत चालते.

ग्रंथालयातील एखाद्या सेवकाची कल्पना करावी. त्याच्या हाती कागदावर सात कपाटांचे क्रमांक लिहून दिले आहेत. मागितलेला ग्रंथ आठव्या कपाटात असेल तर तो सात कपाटे पाहून रिकाम्या हाताने परत येईल. त्याने काम चुकविले नाही आणि तो खोटेही बोलला नाही. ग्रंथ पुन्हा विकत आणून आठव्याच कपाटात ठेवला तरी त्याचे उत्तर बदलणार नाही. कागदावर आठवा क्रमांक लिहिला तर मात्र बदलेल. पिप न सापडल्यास अनेक जण पायथॉन काढून पुन्हा बसवितात, कधी दोन-तीनदा. पहिल्या वेळच्याच निवडी कायम ठेवल्या तर हे श्रम बहुधा व्यर्थ जातात. वेगवेगळ्या आवृत्त्या बसविल्या तर एका यंत्रात दोन-तीन पायथॉन होऊन घोटाळा वाढतो.

आता उपायांकडे वळू. या नियतकालिकाच्या शिरस्त्याप्रमाणे आज्ञांची नावे येथे देवनागरीत दिली आहेत. यंत्रावर त्या रोमन लिपीतील लहान अक्षरांत लिहावयाच्या. ‘पिप’ म्हणजे पी, आय, पी ही तीन अक्षरे.

प्रथम संदेश नीट वाचावा. तीन निरनिराळे संदेश येऊ शकतात आणि त्यांचे अर्थही निरनिराळे आहेत. ‘पिप’ ही आज्ञा सापडत नाही, असा एक. ‘पायथॉन’ हीच आज्ञा सापडत नाही, असा दुसरा. पायथॉन चालतो, पण ‘पिप नावाचा घटक नाही’ असे तो स्वतःच सांगतो, हा तिसरा. पहिल्यात दोष बहुधा यादीचा असतो. दुसऱ्यात यादीचा किंवा पायथॉन बसविलाच नसल्याचा. केवळ तिसऱ्यात पिप खरोखर गैरहजर असतो. विंडोजमध्ये पहिल्या दोन प्रसंगी ‘सापडली नाही’ याऐवजी ‘अंतर्गत किंवा बाह्य आज्ञा म्हणून ओळखता आली नाही’ अशा अर्थाचे लांबलचक इंग्रजी वाक्य येते, आशय तोच.

पहिल्या प्रसंगी सर्वांत सोपा उपाय असा की, पिपला थेट हाक न मारता पायथॉनकरवी बोलवावे. त्यासाठी ‘पायथॉन’ हा शब्द, मग मोकळी जागा, मग आडवी रेघ व तिला चिकटून ‘एम’ हे अक्षर, पुन्हा मोकळी जागा आणि ‘पिप’ असे लिहावे. त्यापुढे ‘इन्स्टॉल’ आणि संचाचे नाव, उदाहरणार्थ ‘रेजेक्स’. या रीतीत पिप कोणत्या फोल्डरात आहे हे शेलला ठाऊक असण्याची गरज उरत नाही. पायथॉन आपल्या घरातील पिप आपणच शोधतो. हिचा दुसरा लाभ अधिक मोलाचा आहे. यंत्रात दोन पायथॉन असतील तर ज्याला हाक मारली त्याच्याच घरी संच पोचतो; ‘संच बसविला, तरी कार्यक्रमास तो दिसत नाही’ ही पुढची तक्रार त्यामुळे टळते.

मात्र पायथॉनचे नाव सर्व यंत्रांत एकच नसते. विंडोजमध्ये पुष्कळदा ‘पी-वाय’ या दोन अक्षरांनी त्यास हाक मारता येते. मॅकिंटॉशवर व लिनक्सवर ‘पायथॉन’ या शब्दास ३ हा अंक जोडावा लागतो, आणि पिपचेही नाव ‘पिप३’ असे होते. या अंकामागे इतिहास आहे. पायथॉनची दुसरी आणि तिसरी पिढी बरीच वर्षे शेजारी शेजारी नांदली. दोहोंत गल्लत होऊ नये म्हणून तिसरीस अंक लावण्यात आला. दुसऱ्या पिढीची देखभाल १ जानेवारी २०२० रोजी संपली, पण अंक राहून गेला. जुन्या पाठ्यपुस्तकात केवळ ‘पिप’ छापलेले असते आणि विद्यार्थ्याच्या यंत्रात ‘पिप३’ असतो. अशा वेळी दोष दोघांचाही नसतो, नावाचा असतो.

विंडोजवर पायथॉन बसविताना पहिल्याच पडद्याच्या तळाशी, पायथॉन पाथमध्ये घालावा काय, असे विचारणारी एक चौकट आजवरच्या रूढ इन्स्टॉलरात असते. ती आपोआप भरलेली नसते. घाईत ती रिकामी राहिली की पुढील सर्व त्रास तेथून सुरू होतो. इन्स्टॉलर पुन्हा चालवून ‘मॉडिफाय’ या पर्यायातून ती निवड नंतरही करता येते. हाताने दुरुस्ती करावयाची असल्यास सेटिंगमध्ये ‘एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स’ शोधून आपल्या खात्याच्या पाथमध्ये नवी ओळ जोडावी. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयाची : पायथॉन एका फोल्डरात राहतो आणि पिप त्याच्या पोटातील ‘स्क्रिप्ट्स’ या फोल्डरात. म्हणून दोन्ही फोल्डरांची नावे यादीत हवीत. पायथॉन सापडतो पण पिप सापडत नाही, असे होण्याचे विंडोजवरील नेहमीचे कारण हेच. आणखी असे की, पायथॉन मुळीच बसविला नसता विंडोजमध्ये त्याचे नाव लिहिले तर कित्येकदा मायक्रोसॉफ्टचे दुकान उघडते. ती बसविण्याची सूचना आहे, बसविल्याची खूण नव्हे.

यादी सुधारली तरी जुन्या खिडकीत जुनेच उत्तर येते. टर्मिनल उघडतो त्या वेळची यादी तो आपल्याजवळ घेतो. नंतर झालेला बदल त्यास कळत नाही. तेव्हा खिडकी बंद करून नवी उघडावी. उपाय योग्य असूनही केवळ ही शेवटची पायरी राहून गेल्याने तो निष्फळ समजला जातो, असे फार वेळा घडते.

लिनक्सची रीत थोडी वेगळी आहे. डेबियन, उबुंटू यांसारख्या वितरणांत पायथॉन आधीच असतो, पण पिप मुद्दाम वेगळा ठेवलेला असतो. तेथे तिसऱ्या प्रकारचा संदेश येतो आणि त्या वेळी पिप खरोखरच आणावा लागतो. वितरणाच्या ‘एपीटी’ या साधनाने ‘पायथॉन३-पिप’ नावाचा संच बसवावा. इतरत्र पायथॉन असून पिप हरवला असेल तर पायथॉनच्याच पोटातील ‘एन्शुअरपिप’ हा घटक त्याच ‘एम’ च्या रीतीने चालविला असता पिप पुन्हा मिळतो. २०२३ पासून या वितरणांच्या नव्या आवृत्त्यांत आणखी एक संदेश भेटतो : हे पायथॉन प्रणालीच्या ताब्यात आहे, येथे पिपने काही बसवू नये. हाही नकार नव्हे, सावधगिरी आहे. प्रणालीची स्वतःची कामे त्याच पायथॉनवर चालत असल्याने तेथे ढवळाढवळ झाली तर यंत्रच बिघडू शकते. अशा वेळी ‘व्हेन्व’ या घटकाने आपल्या कामापुरते वेगळे दालन निर्माण करावे आणि सर्व संच त्या दालनात ठेवावेत. डेबियन व उबुंटूवर हा घटकही ‘पायथॉन३-व्हेन्व’ या नावाने आधी आणावा लागतो. शब्दसंग्रहाचे काम संपले की ते दालन पुसून टाकता येते. बाकीच्या यंत्रास धक्का लागत नाही.

काही पथ्ये सांगणे अवश्य आहे. पाथमध्ये नवी ओळ जोडावी, जुनी यादी पुसून नवी लिहू नये. तसे झाल्यास पिपबरोबर इतर आज्ञाही नाहीशा झाल्यासारख्या वाटतील. संदेश हटविण्यासाठी प्रशासकाचे अधिकार वापरून पिप चालवू नये. संचाचे नाव अक्षरशः बरोबर लिहावे. प्रसिद्ध नावांशी जुळणारी, एखाद्या अक्षराने निराळी अशी नावे देऊन घातक संच त्या सार्वजनिक भांडारात ठेवल्याचे प्रकार घडलेले आहेत. आणि अर्थ न समजता कोणाची आज्ञा नकलून टर्मिनलात उतरवू नये. ज्यांना हे सर्व प्रत्यक्ष पाहून शिकावयाचे आहे त्यांच्यासाठी मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा उपक्रम आहे. कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने चाललेल्या या उपक्रमातील मुक्त साधनांचे अनेक पाठ मराठी निवेदनासह उपलब्ध आहेत.

आता परिभाषेचा प्रश्न. ‘पाथ’ या शब्दाचे भाषांतर कोशाच्या आधाराने सहज ‘मार्ग’ असे केले जाईल. एका फोल्डरापर्यंतचा पत्ता या अर्थी ते चालेलही. परंतु येथे पाथ हा एक मार्ग नसून शोधावयाच्या ठिकाणांची क्रमवार सूची आहे. ‘मार्ग चुकला’ असे सांगितल्याने विद्यार्थ्यास काहीच उमगत नाही. ‘सूचीत ठिकाणाचे नाव नाही’ असे सांगितले तर दोष आणि उपाय दोन्ही एका वाक्यात कळतात. म्हणून या अर्थी ‘शोधसूची’ हा शब्द योजावा असे आम्ही सुचवितो. त्याच न्यायाने मूळ संदेशाचे मराठी रूपही ‘आज्ञा सापडली नाही’ एवढ्यावर न थांबता ‘शोधसूचीतील ठिकाणी या नावाची आज्ञा आढळली नाही’ असे व्हावयास हवे. चार शब्द वाढले तरी चालतील. वाचणारा निराश होऊन परत फिरणार नाही. परिभाषा घडविताना शब्दाची व्युत्पत्ती जितकी पाहावयाची तितकेच, तो शब्द ऐकून मनुष्य पुढे काय करील, हेही पाहिले पाहिजे.

राजघाटाचे उदाहरण आम्ही घेतले त्यास एक कारण आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. निमाड जिल्हा आणि त्यातील बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात राहिले. २००३ साली बऱ्हाणपूर स्वतंत्र जिल्हा झाला. मराठीच्या शब्दांची मोजणी करणारा अभ्यासक महाराष्ट्रातील जिल्ह्यांची यादी हाती घेऊन निघाला, तर तापीकाठची ही मराठी त्याला भेटणार नाही, आणि आपल्या अहवालात तो ती ‘आढळली नाही’ असे लिहील. यंत्राच्या सूचीत एक ओळ जोडण्यास एक मिनिट लागते. भाषेच्या सूचीत ती ओळ जोडण्यासाठी तेथील कोणीतरी शब्द गोळा करून, नीट मोजून, सर्वांपुढे ठेवावे लागतात. हे काम सीमाभागातील शिक्षकच करू शकतील, कारण ती बोली त्यांच्या कानांवर रोज पडते. त्यांच्यापैकी एकानेही पडद्यावरील तीन इंग्रजी शब्दांचा अर्थ ‘नाही’ असा लावून वही मिटू नये, एवढ्यासाठी हा विस्तार केला.